गूगलचं पहिलं पान म्हणजे सातबारा नव्हे

ऑनलाइन धंदा करणाऱ्यांमध्ये एक सल्ला शब्द बदलून सतत फिरत असतो: ‘जाहिरातीवर पैसे उधळू नका. एकदा गूगलच्या पहिल्या पानावर या, मग आयुष्यभर फुकट गिऱ्हाईक. मजकूर चांगला असेल तर गूगल कधी दगा देत नाही. शेवटी त्यालाही तुमची गरज आहेच.’ ऐकायला गोड आहे, म्हणून तर फिरतो. पण यातला एकेक दावा सुटा करून बघू.

‘फुकट’. क्लिकमागे पैसे मोजावे लागत नाहीत, एवढंच यात खरं. लिहिणारा, फोटो काढणारा, साइट वेगवान ठेवणारा, जुनी पानं सुधारत बसणारा, हे सगळे पगार घेतात. एसईओचं, म्हणजे सर्चमध्ये साइट वर यावी म्हणून केलेल्या कामाचं, फळ दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलनेच २०१७ च्या एका व्हिडिओत सांगितलं होतं. तोवरचा खर्च पदरचा. आणि गंमत बघा, खुद्द गूगल ‘फुकट’वर विसंबून राहत नाही. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं यासाठी त्याने एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर मोजले. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात हा आकडा बाहेर आला.

‘आयुष्यभर’. नोव्हेंबर २००३ मध्ये, ऐन सणासुदीच्या खरेदीच्या तोंडावर, गूगलने निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘फ्लोरिडा’ नावाच्या बदलाने कित्येक दुकानांच्या साइट निकालांतून गायब केल्या. असेच आणखी बदल: फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ आला, एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’. पांडाचा परिणाम अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर झाला, असं गूगलनेच सांगितलं होतं. आकडा लहान वाटतो, पण तो गूगलच्या बाजूने मोजलेला आहे. ज्याचं दुकानच त्या ११.८ टक्क्यांत होतं, त्याच्यासाठी तो शंभर टक्के.

शिवाय रँक टिकली तरी जागा टिकतेच असं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलने कॉम्प्युटरवरच्या निकालांच्या उजव्या बाजूच्या जाहिराती काढल्या आणि वर चारपर्यंत जाहिराती दाखवायला सुरुवात केली. पहिल्या क्रमांकाची साइट पहिल्याच क्रमांकावर राहिली, फक्त तिच्यापर्यंत पोचायला स्क्रोल करावं लागू लागलं.

‘मजकूर चांगला असेल तर दगा नाही’. हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. पांडाने आधी कोणाला झोडपलं? लोक कोणते शब्द (कीवर्ड) शोधतात ते बघून स्वस्तात लेखांचा रतीब घालणाऱ्या साइटना. तिथे कोणाला हळहळ वाटायचं कारण नव्हतं. त्यातूनच समजूत झाली की मार खाल्ला म्हणजे काहीतरी लबाडी केली असणार. पण सप्टेंबर २०२३ च्या ‘हेल्पफुल कंटेंट’ अपडेटमध्ये वस्तू स्वतः वापरून परीक्षणं लिहिणाऱ्या छोट्या साइटही कोसळल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा काही साइटवाल्यांना गूगलने आपल्या मुख्यालयात बोलावलं. ‘तुमच्या मजकुरात खोट नाही’ असं तिथे सांगण्यात आल्याचं हजर असलेल्यांनी नंतर लिहिलं. गेलेलं ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणारे लोक, परत मिळेल असं आश्वासन मात्र त्यांना मिळालं नाही.

हे का होतं? ‘हेल्पफुल कंटेंट’ची यंत्रणा एकेका पानाला गुण देत नव्हती, तिचा शिक्का सगळ्या साइटवर बसायचा. म्हणजे वीस पानं भरतीची असली तर तुमची दोनशे चांगली पानंही त्यांच्यासोबत खाली जाऊ शकत होती. आणि दाद मागायला जागा नाही. गूगलच्या माणसाने हाताने कारवाई केली असेल तर सर्च कन्सोलमध्ये (साइटच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) नोटीस येते, सुधारणा करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. अल्गोरिदमने, म्हणजे क्रम लावणाऱ्या संगणकीय यंत्रणेने, खाली ढकललं तर नोटीस नाही, अर्जही नाही. आलेख घसरलेला दिसतो आणि बाकी सगळे तर्क. ज्या व्यवहारात करार नाही, तिथे ‘दगा’ हा शब्दच लागू होत नाही, असं गूगलचा वकील म्हणेल, आणि त्याचं चुकणार नाही.

‘त्यालाही तुमची गरज आहे’. त्याला मजकूर हवा आहे, तुमच्या साइटवर माणूस पाठवायलाच हवा असं नाही. ‘सेलिब्रिटी नेट वर्थ’ ही प्रसिद्ध लोकांच्या संपत्तीचे अंदाज देणारी साइट. २०१४ मध्ये गूगलने तिच्याकडे माहिती मागितली, मालकाने नकार दिला. २०१६ मध्ये तेच आकडे गूगलच्या पानावर थेट उत्तर म्हणून झळकू लागले. मालकाने खात्रीसाठी काही बनावट व्यक्ती साइटवर घातल्या होत्या, त्यातल्याही काही उत्तरांत उमटल्या! वर्षभरात साइटचं ट्रॅफिक ६५ टक्क्यांनी घटलं.

मे २०२४ पासून निकालांच्या वर एआयने लिहिलेला सारांश येऊ लागला. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधला वापर तपासला. सारांश नसताना १५ टक्के वेळा लोक एखाद्या निकालावर क्लिक करत होते, सारांश असताना ८ टक्के वेळा. गरज दोघांची असेलही, पण सौदा कोण ठरवतो ते यात दिसतं.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘माझं ७० टक्के ट्रॅफिक सर्चमधूनच येतं आणि धंदा उत्तम चाललाय.’ चालला असेल. पण त्या ७० टक्क्यांत दोन वेगळी माणसं मिसळलेली असतात. एक तुमच्या दुकानाचं नाव टाइप करून येतो, तो तुमचाच, गूगल फक्त रस्ता. दुसरा वस्तूचं नाव टाइप करून येतो, तो उद्या दुसऱ्या कोणाकडेही जाईल. सर्च कन्सोलमधल्या क्वेरीच्या (लोकांनी टाइप केलेल्या शब्दांच्या) फिल्टरमध्ये स्वतःचं नाव वगळून बघा. उरलेला आकडा निम्म्यावर आला तर पगार किती महिने देता येतील, हे आजच मांडून ठेवता येतं.