खुलासा: ‘दहा मिनिटांच्या ध्यानाने मुलांचं नैराश्य टळतं’ हा मेसेज पुढे पाठवू नका

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ब्रिटनमधल्या शाळांत माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे आणि मनातल्या विचारांकडे शांतपणे लक्ष देण्याचं ध्यान, शिकवल्यामुळे मुलांना नैराश्य येत नाही हे सिद्ध झालंय, रोज दहा मिनिटं मुलांना डोळे मिटून बसवा, गोळ्या बंद करा.

ब्रिटनमध्ये असा मोठा अभ्यास झाला हे खरं, पण निष्कर्ष उलटा सांगितलाय. ‘मायरियड’ नावाच्या त्या प्रयोगात ८५ शाळांमधली आठ हजारांहून जास्त मुलं होती, साधारण ११ ते १४ वर्षांची. काही शाळांत शिक्षकांनी माइंडफुलनेस शिकवलं, बाकीच्यांत भावना हाताळण्याचे नेहमीचे तास सुरू राहिले. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाले. नैराश्याचा धोका असो की एकूण स्वास्थ्य, माइंडफुलनेसच्या वर्गांना सरशी मिळाली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काहीसा कमी झाला, आणि मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते.

म्हणजे ध्यान वाईट, असं मुळीच नाही. झोपण्याआधी आईबाबा आणि मुलं मिळून पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष देत असतील, मुलांना ते आवडत असेल, तर जरूर करा. जबरदस्तीने बसवू नका.

गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. त्यात खरा धोका आहे. मूल सतत उदास असेल तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मोफत बोलता येतं.

तो मेसेज तुम्ही पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.