दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवणाऱ्यांसाठी

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या फोटोवेड्या पोरांना उन्हाळ्याने एक सवय लावलीय. दहा वाजले की कॅमेरा बॅगेत, पाच वाजले की बाहेर. तापीकाठी, केळीच्या बागेत हे बरोबरच आहे. मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या खाचा तेवढ्या उरतात.

पण हीच पोरं मुंबईला जातात, नरिमन पॉइंट नाहीतर बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) असे ऑफिसांचे भाग गाठतात आणि तिथेही दुपारभर कुठेतरी एसीत बसून राहतात. मग सगळ्यांचे फोटो एकसारखे: सूर्य बुडालेला, निळंजांभळं आभाळ, खिडक्यांत दिवे. छान दिसतात, पण त्यात माणूस कुठाय? सहानंतर तो लोकलमध्ये लटकलेला असतो.

माझं मत उलट आहे. ऑफिसांचा भाग भर दुपारीच बघावा, आणि तोही डिसेंबर-जानेवारीत.

कारण साधं आहे. मुंबईत १५ मेच्या आसपास (आपल्याकडे दहाएक दिवसांनी) सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डिसेंबर संपता संपता मात्र तोच सूर्य दुपारी जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. तेव्हा १०० मीटर उंच इमारतीची सावली ९० मीटरच्या पुढे जाते. इमारतीच्या उत्तरेचा रस्ता अंधारात बुडतो, आणि त्याच्या पलीकडे काचेचा टॉवर असेल तर त्याच्या वरच्या मजल्यांवर आदळलेलं ऊन परत खाली रस्त्यावर येतं. काळ्या डांबरावर मोठाले कवडसे! ते सरकत असतात. आपण फक्त जागा धरून उभं राहायचं.

एकच्या सुमारास सगळी ऑफिसं खाली उतरतात. गळ्यात आयकार्ड, हातात वडापाव, कानाला फोन. त्यातला कोणीतरी कवडशात पाय टाकतोच. मोबाइलवर उजेडाच्या जागी बोट टेकवा, ब्राइटनेस खाली ओढा, बाकीचं काळं होऊ द्या. खालचा माणूस दिसला की वरच्या टॉवरची उंची आपोआप कळते. १९७४ ची ती २३ मजली पांढरी एअर इंडिया इमारतही दुपारीच बघा. एक बाजू लख्ख, शेजारची काळपट, त्यामुळे ती भरीव वाटते.

आणि मोबाइलची ती पॉइंट फाइव्ह (०.५x) वाइड लेन्स जरा कमी वापरा हो. जवळ उभं राहून मान वर केली की इमारत मागे कलंडलेली येणारच. लांब जा, मोबाइल सरळ धरा, खालचा फालतू भाग नंतर कापा.

वॉचमन हटकतात, हे खरं. रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढला म्हणून कॉपीराइटचा भंग होत नाही, १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ तशी मुभा देतं. पण कंपाउंडच्या आत त्यांचा शब्द चालतो, आणि लायन गेटकडे नौदलाची हद्द आहे, तिथे कॅमेरा काढायचाच नाही. ट्रायपॉड दिसला की संशय दुप्पट, म्हणून तो घरीच ठेवा.

मुंबईला जायच्या आधी सराव हवा असेल तर आपली जळगाव महापालिकेची सतरा मजली इमारत आहेच. जानेवारीत दुपारी तिच्या सावलीच्या कडेला उभं राहा. रिक्षावाले, दाखल्यासाठी आलेली माणसं, गोलाणी मार्केटकडे निघालेल्या बाया, सगळे ती रेघ ओलांडतात. कोणीतरी "काय देखी ऱ्हायना भो?" विचारेलच. त्यालाच विचारून त्याचा फोटो काढा आणि इथे कमेंटमध्ये टाका.