मंगळागौरीच्या तालमीला ट्रॅक नको, गाणं आपणच म्हणा

श्रावण जवळ आला की सोसायट्यांच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या तालमी सुरू होतात. फार चांगली गोष्ट आहे. पण हल्ली बहुतेक ठिकाणी स्पीकरवर तयार ट्रॅक लावतात आणि दहा-बाराजणी त्याच्यामागे धावतात. कार्यक्रमाला लावा हवा तर, तालमीला तो बंदच ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

व्यायामाचा जोर ओळखायची खूण सोपी आहे. बोलता येतंय पण गाणं तुटतंय, म्हणजे मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांपुढे बोलणंही जमेना, म्हणजे जोराचा. झिम्म्यात गाणारीला धाप लागली की ती आपसूक लय उतरवते आणि तिच्यासोबत अख्खं रिंगण सावकाश होतं. ट्रॅकची लय तशीच राहते, आणि साठीच्या सासूबाईंना पंचविशीतल्या सुनेच्या वेगाने उड्या माराव्या लागतात. गुडघे दुखावतात ते तिथे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आठवड्यातून तीन दिवस, विश्रांती वगळून पन्नास मिनिटं खेळलात की हिशेब पुरा. सुरुवातीची आठ-दहा मिनिटं नुसत्या टाळ्या आणि रिंगणातली चाल. पिंडऱ्या गरम झाल्याशिवाय फुगडीला हात घालू नका.

फुगडी घाईने शिकवली जाते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. जोडी साधारण सारख्या वजनाची हवी. चवडे जवळ, हातांची अढी, आणि पकड बोटांची नाही, मनगटाची. घामाने बोटं निसटतात आणि दोघी पाठीवर आपटतात. कोपरं सरळ ठेवून अंग मागे झोकायचं. कोपरं वाकली की भार खांद्यावर येतो. नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर. आजूबाजूची भिंत फिरते, तो चेहरा समोर स्थिर राहतो, त्यामुळे गरगरणं कमी होतं. आठ-दहा फेऱ्या एका बाजूने, थांबून तेवढ्याच उलट्या. थांबताना झटकन हात सोडू नका. कानाच्या आतला द्रव आपण थांबल्यावरही काही क्षण फिरत राहतो, म्हणून वेग उतरवत जवळ या आणि भोवळ जाईपर्यंत एकमेकींना धरून उभ्या राहा.

गुळगुळीत फरशीवर मोजे घालून फुगडी नको, सतरंजीवर तर मुळीच नको, ती पायाखाली गोळा होते. खरबरीत शहाबादी किंवा कोब्यावर अनवाणी बरं. काचेच्या बांगड्या तालमीला उतरवून ठेवा. नऊवारीचा काठ घोट्याच्या वर.

बसफुगडी आणि कोंबडा दिसायला मजेशीर, पण पूर्ण उकिडवं बसून उड्या मारताना गुडघ्याच्या वाटीवर मोठा भार येतो. जिने उतरताना गुडघे दुखत असतील तर हे दोन्ही सोडा, झिम्मा खेळा. पिंग्यात मान झटकू नका. गुडघे किंचित वाकवून खुब्यातून झुका, कंबर गोल करू नका. बाळंतपणानंतर उड्या मारताना थेंबभर लघवी निसटते, हे अनेकींना होतं आणि लाजेपायी त्या खेळायलाच येणं सोडतात. कृपा करून सोडू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, तोवर उड्यांच्या जागी पावलं टाका.

आता मनाचं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. सगळ्यांनी एका तालात नाचणं आणि अंग मोडून नाचणं, या दोन्हींनी स्वतंत्रपणे वेदना सोसण्याची ताकद वाढली आणि एकमेकांबद्दल जवळीकही. म्हणजे ज्यांना जोर झेपत नाही, त्यांनाही नुसत्या एकतालाचा लाभ आहे. न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शारीरिक छंदांपैकी फक्त नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी दिसला. नाचामुळेच धोका घटला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण झिम्म्यात ओळ आठवायची, टाळी कुणाला द्यायची ते बघायचं, पाऊल चुकू द्यायचं नाही, हे सगळं एकाच वेळी चालतं. नुसत्या चालण्यात एवढं नसतं.

हाडं ठिसूळ झालेल्या, कूस बदलताना चक्कर येणाऱ्या आणि गर्भवती बायकांनी फुगडी खेळू नये. त्यांना रिंगणाबाहेर प्रेक्षक म्हणून मात्र बसवू नका. खुर्ची रिंगणातच घ्या, टाळ्यांचा ठेका त्यांच्याकडे द्या आणि पहिली ओळ त्यांना म्हणू द्या.