उंदराची नस जुळली म्हणून माणसाची जुळत नाही

‘तुटलेली नस जुळते हे उंदरांत कधीच सिद्ध झालंय. मग मेंढ्या-डुकरांवर प्रयोग म्हणजे निव्वळ क्रूरता. उरलेलं काम संगणक करेल.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. (नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, तर मेंदू आणि शरीर यांच्यात निरोप नेणाऱ्या तंतूंची जुडी.)

सिद्ध झालंय? हो, पण किती अंतरात? उंदराच्या मांडीतली नस जाडीला मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि त्यातून कापून काढतात तो तुकडा बहुधा १०-१५ मिलिमीटरचा. माणसाचा दंड अपघातात फाटतो तेव्हा नसेचे कित्येक सेंटिमीटर गायब असतात. माणसात नसेतला तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. खांद्यापासून पंजापर्यंत ६० सेंटिमीटर धरा: ६०० दिवस! तोवर पुढच्या टोकाला त्याची वाट बघणाऱ्या श्वान पेशी (तंतूला आधार देणाऱ्या; नाव थिओडोर श्वान यांच्यावरून, कुत्र्याशी संबंध नाही) थकतात, आणि दीडेक वर्षानंतर स्नायू तंतूला दाद देईनासा होतो. उंदरात हा प्रवास काही आठवड्यांत आटोपतो, त्यामुळे ही परीक्षा होतच नाही. जाडीचंही तसंच. जाड नसेचा तुकडा जोडला तर रक्तवाहिन्या आत पोचेपर्यंत मधला गाभा मरू शकतो, म्हणून सर्जन पोटरीतल्या बारीक नसेचे तुकडे जुडीसारखे शेजारी-शेजारी शिवतात. उंदराच्या दोऱ्याएवढ्या नसेत हा प्रश्न कुठून उभा राहणार?

क्रूरतेचा मुद्दा मी झटकत नाही. पण मांडीतली नस कापलेला उंदीर पुष्कळदा बधिर झालेली स्वतःचीच बोटं कुरतडतो. तो या हिशेबात का नाही? पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा, ही प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीची त्रिसूत्री रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच मांडली. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशी आणि उंदीर यांच्यात जे टिकलं तेवढंच मेंढीपर्यंत न्यायचं, हेही त्यातच बसतं.

संगणकाला आकडे लागतात, आणि लांब, जाड नसेचे आकडे मेंढी-डुकरासारख्या मोठ्या प्राण्याच्या जिवंत नसेतूनच येतात.

मेंढी म्हणजे माणूस नव्हे, असं त्या मजकुरात असतं तर मी मान डोलावली असती. ती शर्टाचं बटण लावत नाही, मुंग्या कुठे येतात ते सांगत नाही. शिवाय प्रयोगात नस धारदार पात्याने सरळ कापतात आणि बऱ्याचदा लगेच शिवतात. माणसाची नस चिरडलेली, ओढली गेलेली असते आणि शस्त्रक्रियेला कधीकधी महिने लोटतात. मेंढीवरच्या प्रयोगांना जाब विचारायचाच असेल तर तो इथे विचारा.