एका ताटलीवरून स्वयंपाक कळत नाही

आज दुपारी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’ या प्रसिद्ध चेहऱ्यांच्या पाककला स्पर्धेतल्या ज्येष्ठ अभिनेत्री उषा नाडकर्णी यांची एक चित्रफीत टाकली आणि खाली लिहिले, ‘या वयात कशाला ही हौस?’ त्यावर हसणारे चेहरे आले, अंगठे आले, आणि ज्यांच्या घरी मी सणावारी पोटभर जेवले आहे, त्यांचेही अंगठे त्यात होते. तेव्हापासून डोके शांत झालेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

सोनी वाहिनीवर जानेवारी ते एप्रिल २०२५ या काळात झालेले ते पर्व मी जवळजवळ पूर्ण पाहिले आहे. सूत्रसंचालन फराह खान यांचे होते आणि परीक्षक होते विकास खन्ना व रणवीर ब्रार. स्पर्धकांत आपली चार माणसे होती: उषाताई, तेजस्वी प्रकाश वायंगणकर, छत्रपती संभाजीनगरची निक्की तांबोळी आणि ज्याला २००५ साली पहिला ‘इंडियन आयडॉल’ होताना आपण सगळ्यांनी पाहिले, तो अभिजीत सावंत. निक्की आणि तेजस्वी अंतिम पाचांत गेल्या, निक्की दुसरी आली, याचा मला मनापासून आनंद झाला. उषाताई मात्र त्याआधीच बाहेर पडल्या. त्या वेळी त्या ७८ वर्षांच्या होत्या. पन्नाशी उलटलेली आपली मंडळी चार पोळ्या लाटून कंबर धरतात, आणि ही बाई घड्याळाच्या काट्याशी झुंजत, प्रखर दिव्यांखाली, निम्म्याहून लहान वयाच्या मुलांच्या बरोबरीने ओट्याशी उभी राहिली. तिला हसायला लाज कशी वाटत नाही?

पण माझा राग केवळ त्या ओळीवर नाही. उषाताईंसारख्या बाईचा स्वयंपाक जिथे मोजलाच जात नाही, अशी स्पर्धा आपण स्वयंपाकाची परीक्षा म्हणून निमूटपणे मान्य करतो, यावर आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या संकुलात गणपतीत पाककला स्पर्धा होती आणि मी आईला आग्रहाने भाग घ्यायला लावले. तिने अळूचे फदफदे केले. बाजारात जाऊन काळ्या देठाचा अळू तिने स्वतः निवडला, घरी हाताला तेल लावून देठ सोलले, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे रात्रीच भिजत घातले. सकाळी शिजलेला अळू डावाच्या पाठीने घोटून त्याला डाळीचे पीठ लावले, चिंच-गूळ घातला, खोबऱ्याच्या कातळ्या टाकल्या आणि वरून मेथ्या-हिंगाची फोडणी दिली. त्या फोडणीचा वास जिन्यापर्यंत गेला होता. मग ते मोठे पातेले दोघांनी दोन्ही कानांना धरून मंडपात नेले. शहरातल्या कुठल्याशा हॉटेलातून आलेले परीक्षक म्हणाले, ‘आजी, एक वाटी पुरे होती, एवढे कशाला केलेत?’ आई म्हणाली, ‘एवढी माणसे बसली असताना एक वाटी कशी मांडू?’ त्यांनी अर्धा चमचा चाखला, मान डोलावली आणि सादरीकरणाचे गुण कापले. शेजारी गाजराची फुले लावलेली एक ताटली होती, तिला पहिला क्रमांक मिळाला.

आईने हिरव्या लगद्यासारख्या दिसणाऱ्या त्या भाजीला कोणती फुले लावायला हवी होती? फदफदे वाटीत वाढायचे असते, भातावर घ्यायचे असते, भुरके मारत खायचे असते. ते देखणे दिसावे, अशी अपेक्षा पंगतीत बसलेल्या कुणीही आजवर केलेली नाही.

मास्टरशेफची अडचण नेमकी हीच आहे. तिथे परीक्षकांसमोर एक ताटली ठेवायची असते. त्या ताटलीत पदार्थ उंच रचायचा, चटणीचा फराटा ओढायचा, चिमट्याने पान ठेवायचे आणि मागे हात बांधून उभे राहायचे. यात कौशल्य नाही असे कोण म्हणेल? याच पर्वातले अभिनेते गौरव खन्ना यांना रंग नीट ओळखता येत नाहीत, तरीही त्यांनी इतकी नेटकी ताटे मांडून विजेतेपद मिळवले, हे मी मान्य करते. परंतु घरच्या स्वयंपाकाचा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो. आठ माणसांचा भात, आमटी, भाजी आणि पोळ्या एकाच वेळी गरम कशा राहतील, ऐन वेळी दोन पाहुणे आले तर आमटी पातळ न होता कशी पुरवायची, उरलेल्या भाताचे सकाळी काय करायचे, कुणाला तिखट चालत नाही आणि कुणाचा उपास आहे, हे सगळे डोक्यात ठेवून वजनकाट्याशिवाय हाताच्या अंदाजाने मीठ घालणे, याला मी स्वयंपाक म्हणते. आपल्यापैकी कुणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही, आपण सगळे याच अंदाजावर वाढलो आहोत.

या कार्यक्रमात संघ करून पुष्कळ माणसांसाठी रांधायच्या फेऱ्याही असतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या अधूनमधून. कोण राहील आणि कोण जाईल, हे बहुतेक वेळा ताटलीच ठरवते.

आणि विकास खन्ना यांनी तरी हे ओळखायला हवे, असे मला फार वाटते. अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या लंगरात लहानपणी पोळ्या करत आपण शिकलो, असे ते स्वतः अभिमानाने सांगतात. लंगरात कुणी पोळीच्या गोलाईला गुण देत नाही. समोरचा माणूस उपाशी उठणार नाही, एवढेच तिथे पाहतात. आमच्या आईने त्या परीक्षकांना दिलेले उत्तर त्यांना नक्की कळले असते. निदान स्पर्धकासमोर येऊन वाकून बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते खोटे आहे असे मला कधी वाटले नाही.

मूळ ‘मास्टरशेफ इंडिया’ २०१० साली सुरू झाला, तेव्हा लखनौच्या पंकज भदौरिया शिक्षिकेची नोकरी सोडून त्यात उतरल्या होत्या आणि पहिल्या पर्वाच्या विजेत्या ठरल्या. २०२३ च्या पर्वात मुंबईच्या ऊर्मिला आशर आल्या. सत्तरी ओलांडल्यावर टाळेबंदीत नातवाच्या साथीने त्यांनी फराळाच्या पदार्थांचा व्यवसाय उभा केला होता. घरच्या ओट्यावरून आलेली ही माणसे पाहण्यासाठी आपण दूरचित्रवाणीसमोर बसलो. प्रसिद्ध चेहऱ्यांचे पर्व आले, तसा वेळ रुसवेफुगवे आणि थट्टामस्करी यांतच अधिक जाऊ लागला. प्रेक्षक मिळवण्यासाठी वाहिनीला हे करावे लागत असेल, तेही एक वेळ समजू शकते. पण वयाने वडील असलेल्या बाईच्या तडकफडक बोलण्याच्या चित्रफिती होतात आणि तिच्या हाताची चव कुणाच्या ध्यानात राहत नाही, हे मला बोचते.

दुपारपासूनचा राग लिहिता लिहिता थोडा निवळला आहे. त्या दिवशी मंडपात पुढे काय झाले तेही सांगते. बक्षीस समारंभ आटोपल्यावर आरतीसाठी थांबलेल्या मुलांनी भात मागवला आणि आईने त्यांना पातेल्यातून वाढायला घेतले. मुले दुसऱ्यांदा घेत होती, तिसऱ्यांदा घेत होती. ते परीक्षकही जाता जाता थांबले आणि द्रोण पुढे करून त्यांनी आणखी मागून घेतले. स्वभावाने ते वाईट नव्हते. त्यांच्या हातातल्या गुणपत्रिकेत ‘पुन्हा मागितले’ असा रकानाच नव्हता.

तो रकाना मला मास्टरशेफच्या पुढच्या पर्वात हवा आहे. प्रत्येक स्पर्धकाला एकदा तरी एकट्याने पंचवीस माणसांची पंगत वाढू द्या. दोन शेगड्या द्या, बेताचे सामान द्या, आणि कोणत्या पातेल्याच्या तळाशी काही उरले नाही ते परीक्षकांनी स्वतः उठून पाहावे. त्या फेरीत एखादी ७८ वर्षांची बाई उतरली, तर तिला कुणाकडूनही वयाची सवलत लागणार नाही.