खिडक्या उघडण्याचा आग्रह आणि आपली भाषा

टोर्नेडोपासून बचावाच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. खिडक्या उघडण्यात वेळ घालवू नये, असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता, ‘हवेच्या दाबाचे साधे गणित ज्यांना कळत नाही त्यांनी लोकांच्या जिवाशी खेळू नये; खिडक्या बंद राहिल्या तर घर आतून फुटते.’ मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु कोणावर जिवाशी खेळण्याचा आरोप ठेवण्यापूर्वी त्याने काय पाहिले आहे, याची चौकशी करण्याइतपत सौजन्य अपेक्षित होते. ‘घरबसल्या तज्ज्ञ’ या संबोधनात तर मला शोधूनही मुद्दा सापडला नाही.

खिडक्या उघडण्याचा सल्ला अमेरिकेत काही दशके दिला जात असे, त्यामुळे तो आपल्या वाचनात आला असेल, हे मी समजू शकतो. दाब घटतो हेही खरे आहे. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातील मँचेस्टरजवळ टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने सुमारे १०० मिलिबारची घट नोंदवली, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या जवळपास एक दशांश. पण राहते घर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा नव्हे. फटींतून आणि झरोक्यांतून हवा ये-जा करते आणि आतबाहेरचा दाब बराचसा जुळून येतो. घर मोडते ते वाऱ्याने. समोरच्या बाजूची खिडकी किंवा गॅरेजचे दार फोडून तो आत घुसतो आणि छताला खालून रेटा देतो, त्याच वेळी छतावरून वाहणारा झोत त्याला वर ओढतो, आणि छत सुटले की निराधार झालेल्या भिंती बाहेरच्या बाजूला कोसळतात. नंतर पाहणाऱ्याला घर आतून फुटल्यासारखे वाटते. आपण सुचवता तसे केल्यास त्या वाऱ्याला वाट आयतीच मोकळी मिळेल, आणि तीही काचेसमोर उभे राहून करून द्यावी लागेल, जेव्हा इशारा आणि तडाखा यांमध्ये पुष्कळदा पंधरा मिनिटेही नसतात.

हे मी केवळ वाचून लिहिलेले नाही. टोर्नेडोच्या पट्ट्यात मी काही वर्षे राहिलो आहे. बिनखिडकीच्या बाथरूममध्ये, कोरड्या टबात, डोक्यावर सायकलचे हेल्मेट, पायांत बूट आणि वर ओढलेली गादी अशा अवस्थेत मी कुटुंबासह बसलो आहे. बूट कशाला, असा प्रश्न आपल्याला पडेल. बाहेर पडताना जमिनीवर काचा आणि उलटे खिळे असतात. त्या रात्री शेजारच्या घराच्या गॅरेजचे दार आतल्या बाजूला दुमडले आणि नेमके गॅरेजवरचेच छत गेले. उरलेल्या घराच्या बंद खिडक्यांपैकी बऱ्याच शाबूत होत्या. आपल्या गणितात हे कसे बसते, ते आपणच सांगावे.

हेल्मेटचा उल्लेख लेखाच्या तळाशी गेला आहे, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे; तो परिच्छेद मी वर घेतला आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. महामार्गावरील पुलाखाली आसरा घ्यावा, असे आपण सुचवता. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात तसा आसरा घेतलेल्यांपैकी काहींचा त्यातच जीव गेला, कारण अरुंद जागेत वाऱ्याचा वेग वाढतो आणि उडणारा राडारोडा तिथेच येऊन आदळतो. ‘भोंगा ऐकू येतोच’ हेही खरे नव्हे, कारण इशाऱ्याचे ते भोंगे मुख्यतः घराबाहेर असणाऱ्यांसाठी बसवलेले असतात. झोपलेल्या माणसाला फोनवरील इशारा किंवा हवामानाचा रेडिओच उठवील. लेख भीती पसरवतो, या आक्षेपाला मी उत्तर देणार नाही.

लेख मागे घेण्याची आपली मागणी मला मान्य नाही. वरील दाबाच्या परिच्छेदात काही चूक आढळली तर अवश्य कळवावे, मात्र या वेळी विशेषणे वगळून.