'आता घाबरू नका' म्हणणाऱ्या मेसेजने घातलेला घोळ

शुक्रवारी रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. "मावशी, व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवला. उद्या सकाळी टाकून देतो. तू फक्त एकदा पाहून घे न, कायद्याचं काही चुकलं तर नाही."

कसला व्हिडिओ रे, म्हणून विचारलं. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तो कंत्राटावर भांडारात बसतो. तिथे न आलेल्या मालाची बिलं निघून राहिली होती. गेटच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेला ट्रकची नोंदच नाही आणि स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र माल 'प्राप्त'. याने दोन्ही पानांचे फोटो काढले, मोबाइल समोर उभा केला आणि नाव, गाव, ऑफिस सांगत सहा मिनिटं बोलला. एवढी हिंमत आली कुठून? "ग्रुपवर आलं न. आता कायदा आहे म्हणे. कोणी काही करू शकत नाही."

(नातं, खातं, महिना यातलं काय काय मी बदललंय ते विचारू नका. काहून बदललं ते खाली कळेलच.)

तो मेसेज आमच्याही ग्रुपवर पडलेला होता, तिरंगा आणि तराजूसकट. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१४ पासून व्हिसलब्लोअर (आतला गैरव्यवहार उघड करणारा, म्हणजे जागल्या) कायदा देशभर लागू आहे. एक, तक्रार करताच आजन्म पोलीस संरक्षण. दोन, नाव न देता साधा मेसेज केला तरी चौकशी बंधनकारक. तीन, त्रास देणाऱ्या साहेबाला ३ वर्षं तुरुंग. चार, पुरावे आधी सोशल मीडियावर टाका, सगळ्या खात्यांना एकदम पाठवा, जितके जास्त लोक पाहतील तितके तुम्ही सुरक्षित. पाच, उघड झालेल्या रकमेच्या ३० टक्के बक्षीस. सहा, सरकारी असो की प्रायव्हेट, सर्वांना लागू. शेवटी अर्थातच, किमान दहा ग्रुपवर पाठवा.

मी वकील नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एका वकिलांकडे अठरा वर्षांपासून टायपिंग करते. पण कोणताही कायदा उघडला की आधी पहिलं कलम वाचायचं, एवढं तिथे बसून कळलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंही केलेलं नाही.

कायदा खरंच आहे. संसदेने तो मंजूर केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली. आता कलम १, पोटकलम ३ पाहा. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल त्या तारखेपासून हा कायदा अमलात येईल, असं तिथे लिहिलं आहे. ती अधिसूचना दहा वर्षं उलटून गेली तरी निघालेली नाही. मधे २०१५ मध्ये एक दुरुस्ती विधेयक आलं, लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली तसं बाद झालं. पुस्तकात छापलेला आणि अमलात नसलेला कायदा म्हणजे लग्नपत्रिका छापली, पण मुहूर्तच काढला नाही, असा प्रकार आहे. आणि लोक जेवायला निघालेसुद्धा.

म्हणजे मेसेजचे निम्मे मुद्दे इथेच संपले. तरी, समजा उद्या कायदा लागू झाला, तर? तेव्हाही मेसेज खोटाच ठरतो, आणि माझं डोकं तिथे जास्त फिरलं. नाव न देता केलेल्या तक्रारीची चौकशी बंधनकारक म्हणे! याच कायद्याच्या कलम ४ मध्ये अगदी उलटं आहे: तक्रारीत तक्रारदाराची ओळख नसेल किंवा ती खोटी निघाली तर त्यावर कारवाईच होणार नाही. ३ वर्षांची शिक्षा आहे खरी, कलम १६ मध्ये, पण ती तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला. छळ करणाऱ्या साहेबाला नाही. आणि त्याच्या पुढच्याच कलमात, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ३० हजारांपर्यंत दंड आहे. ते कलम मेसेजवाल्याला दिसलं नाही. पान उलटायचा कंटाळा आला असेल.

आता चौथा मुद्दा. बाकीचे मूर्खपणाचे आहेत, हा घातक आहे. माझा भाचा याच्याच भरवशावर कॅमेऱ्यासमोर बसला होता.

आधी एक कबूल करते. नाव गुप्त ठेवण्याची सोय या देशात आहे. मेसेजमध्ये खऱ्याचा कण आहे तो एवढाच, आणि तोही मेसेजवाल्याला माहीत नाही. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोन या महामार्ग प्रकल्पाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, तरी पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळी घालून मारलं. सीबीआयच्या तपासात तो लुटीचा प्रकार ठरला, २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. पण पत्र फुटलं होतं हे तर कोणी नाकारलं नाही. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि केंद्राने २१ एप्रिल २००४ ला एक ठराव काढला. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सोडा, सगळे त्याला 'पीआयडीपीआय' म्हणतात. केंद्र सरकारची खाती, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम, सरकारी बँका यांतल्या भ्रष्टाचाराची तक्रार या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे करता येते आणि आयोग नाव फोडत नाही. तो मोठा कायदा झोपून आहे तोवर जागल्याच्या हातात असलेली खरी वस्तू हीच.

आणि या ठरावात अट काय आहे? तक्रारदाराने स्वतःच तक्रारीचा तपशील जाहीर केला असेल, किंवा दुसऱ्या कोणत्या कार्यालयाला आपली ओळख सांगितली असेल, तर गुप्ततेची हमी राहत नाही. तक्रार पोचल्यावर आयोग घरच्या पत्त्यावर पत्र पाठवून विचारतो, ही तक्रार तुम्हीच केली ना? शिवाय हीच तक्रार दुसऱ्या कोणाकडे केलेली नाही, असं लिहूनही मागतो.

आता हे मेसेजच्या शेजारी ठेवून पाहा. 'आधी सोशल मीडियावर टाका, सगळ्या खात्यांना एकदम पाठवा.' म्हणजे जी एक भिंत तुमच्या पाठीशी उभी राहू शकते, ती आधी स्वतःच्या हाताने पाडा आणि मग तिच्या सावलीत बसा! माझ्या भाच्याने शनिवारी सकाळी तो व्हिडिओ टाकला असता तर सोमवारी त्याचं कंत्राट संपलं असतं. कारणही द्यावं लागलं नसतं, अकरा महिन्यांचा कागद तसाच असतो. आणि त्यानंतर दक्षता आयोगाला पत्र पाठवायला बसला असता तर कशाची गुप्तता मागणार होता?

कोणी म्हणेल, उघडपणे बोललेली माणसंही आहेत न. आहेत. विदर्भात तर सांगायलाच नको. २०१२ मध्ये विजय पांढरेंनी सिंचनाच्या खर्चाबद्दल थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, ते पत्र गाजलं आणि गोसीखुर्द धरणाची प्रकरणं इथे नागपुरात वर्षानुवर्षं चालली. पण पांढरे मुख्य अभियंता होते. त्या हुद्द्याला जे झेपतं ते भांडारातल्या कंत्राटी पोराला झेपत नाही. मला त्याची हिंमत कमी करायची नव्हती. पण घरात त्याची आई आहे आणि हप्त्यावर घेतलेली गाडी आहे.

व्हिडिओ पुसायला लावला. फोटो ठेवायला सांगितले, कोणाला न पाठवता. मग म्हटलं, बस, कागद घे, लिही. त्याचं पहिलं वाक्य: 'मी अमुक तारखेला रात्रपाळीत एकटाच हजर असताना गेट रजिस्टर पाहिले.' मी कपाळावर हात मारला. अरे, त्या रात्री एकटा कोण होता हे हजेरीपटात दिसत नाही का? नाव झाकून काय उपयोग? आयोगाच्याही सूचना हेच सांगतात: मजकुरात तक्रारदार ओळखू येईल असा धागा सोडू नका, पण तपशील तपासता येईल असा पक्का द्या. या दोन गोष्टी एकदम जमवणं हे खरं काम आहे. आम्ही दोनदा चहा करून ते वाक्य असं बसवलं: 'अमुक क्रमांकाच्या बिलावरील माल अमुक तारखेला प्राप्त दाखवला आहे; त्या दिवसाच्या गेट रजिस्टरमध्ये संबंधित वाहनाची नोंद नाही.' यात 'मी' कुठेच नाही. हे वाक्य भांडारातला, गेटवरचा, लेखा विभागातला, कोणीही लिहू शकतो. 'आम्हा कंत्राटी लोकांना तर दिवाळीचा बोनसही नाही' हे वाक्यही खोडलं. एक तर त्यातून लिहिणारा कळतो, दुसरं म्हणजे स्वतःच्या तक्रारींसाठी हा ठराव नाहीच.

बाकीचे मुद्दे भराभर.

आजन्म पोलीस संरक्षण: नाही. साक्षीदार संरक्षण योजना आहे, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये महेंदर चावला प्रकरणात तिला कायद्याचं बळ दिलं. पण ती साक्षीदारांसाठी आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे अर्ज करावा लागतो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल येतो आणि संरक्षणाचा आदेश एका वेळी तीन महिन्यांपर्यंतचा असतो. आजन्म सोडा, पुढच्या पोळ्यापर्यंतचीही खात्री नाही. मागायचं असेल तर जरूर मागावं, मिळतंही. पण तक्रार केली की दारात हवालदार उभा, असं नसतं.

३० टक्के बक्षीस हे बहुतेक अमेरिकेतून उचललं आहे. तिकडच्या शेअर बाजार नियामकाकडे १० ते ३० टक्क्यांची योजना आहे. आपल्याकडचा शेअर बाजार नियामक सेबी इनसायडर ट्रेडिंगच्या (कंपनीतल्या गुप्त माहितीवर केलेल्या शेअर व्यवहारांच्या) पक्क्या खबरीला बक्षीस देतो, आयकर खात्याचीही योजना आहे. भांडारातल्या खोट्या बिलावर कोणी छदाम देत नाही.

प्रायव्हेटला लागू म्हणे. २०१४ च्या कायद्याचा विषयच सरकारी नोकरांचा भ्रष्टाचार आहे. खासगीत २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १७७ आहे: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँकांचं ५० कोटींवर कर्ज असलेल्या कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवावी लागते, तक्रारदाराच्या छळापासून बचावाची तरतूद करावी लागते. बुटीबोरीतल्या मोठ्या कारखान्यात काम करत असाल तर मागून पाहा, असेल. इतवारीतल्या पेढीवर असलं काही शोधू नका.

एक गोष्ट मेसेजमध्ये हवी होती आणि तिचा पत्ताच नाही. महानगरपालिका, जिल्हा परिषद, तहसील, म्हणजे राज्याच्या अखत्यारीतलं काही असेल तर दक्षता आयोगाचा संबंध नाही. तिथे कोणी लाच मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४. आधी त्यांना कळवून सापळ्यात पैसे दिले तर देणारा गुन्हेगार ठरत नाही. बळजबरीने आधीच दिले असतील तर सात दिवसांच्या आत कळवायचं. हे २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट आहे, आणि हा कायदा लागू आहे, मुहूर्तासकट.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसणारेही मी रोज पाहते. न्यायमंदिरात, म्हणजे जिल्हा न्यायालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल, औद्योगिक कामगार असेल, तर उत्पन्न न पाहता वकील मिळतो. फोन १५१००. तिथे भेटणारा वकील नवखा असेल, तारखेला उशिरा येईल, तेही सांगून ठेवते. तरी फॉरवर्डपेक्षा बरा.

राहिलं पाकीट. तक्रार कागदावरच, ईमेलने नाही. नाव आणि घरचा पत्ता आत, सुरुवातीला किंवा शेवटी, नाहीतर वेगळ्या चिठ्ठीवर. बाहेर फक्त 'सचिव, केंद्रीय दक्षता आयोग', सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली, आणि ठळक अक्षरात 'पीआयडीपीआय'. तो शब्द वर नसेल तर पाकीट साध्या टपालात उघडलं जातं आणि गुप्ततेची हमी राहत नाही. बाहेर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. काउंटरवरचा बाबू म्हणेल, प्रेषक कुठे आहे? त्याला शांतपणे सांगायचं की अशा पाकिटावर नावाचा आग्रह धरू नका, असा टपाल खात्याचाच आदेश आहे. जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात, गर्दी असते, दुपारी जेवणाच्या वेळेनंतर जा.

भाच्याने पुढे ते पाकीट टाकलं की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. ग्रुपवर विचारलं तरी सांगणार नाही.